धबधब्याभोवतीचे रान

कॅराव्हॅन घेऊन आम्ही दोघे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या अ‍ॅथर्टन पठारावर हिंडत होतो. मिला मिलाचा धबधबा पाहताना पत्नी म्हणाली, "पाणी आहे, पण रान कुठं गेलं?" दूधदुभत्याच्या कुरणांसाठी ते केव्हाच तुटले होते, धबधब्याभोवती उरला होता एक पट्टा. उत्तरेला डेंट्रीत मात्र घनदाट अरण्य लागले. तिथल्या पर्जन्यवनांना १९८८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. रेव्हनशूच्या लाकूड कामगारांनी कडवा विरोध केला होता. त्यांचा रोजगार गेला, पण तोड थांबली. आपल्या पश्चिम घाटाला हाच दर्जा २०१२ मध्ये लाभला. फलक लावणे सोपे. कुऱ्हाड थांबवणे आणि तिच्यावर पोट असणाऱ्यांची सोय लावणे, हीच खरी कसोटी!