कात्री लांब ठेवा!

बालमित्रांनो, पाकिटावरचं तिकीट कापायचं, पाण्यात भिजवायचं, सुकवून वहीत ठेवायचं, हे तुम्हांला येतंच. पण एका प्रकाराला ना कात्री चालते, ना पाणी. तो म्हणजे ‘मिनिएचर शीट’!

एखाद्या प्रसंगाची आठवण म्हणून पोस्टखातं हा छोटा कागद काढतं. मधे एक किंवा दोन-चार तिकिटं आणि भोवती रुंद कडा. कडेवर चित्र असतं, प्रसंगाचं नाव असतं. भारताची पहिली अशी शीट १९७३ साली, दिल्लीतल्या ‘इंडिपेक्स-७३’ या तिकीट-प्रदर्शनाच्या वेळी निघाली. २००७ मध्ये गुलाबाच्या वासाची चार तिकिटं निघाली, त्यांचीही शीट होती. २०११ मध्ये तर गांधीजींचं तिकीट चक्क खादीच्या कापडावर छापलं!

आमच्या कासूतल्या एका मुलाला मामानं ती गुलाबाची शीट दिली. पठ्ठ्यानं चारही तिकिटं सुटी केली आणि कडा टाकून दिली. तिकिटं राहिली, पण शीट गेली ती गेलीच. ती पुन्हा जोडता येत नाही.

मग शीट ओळखायची कशी? आधी तिकिटावर ‘भारत’ आणि किंमत आहे का ते बघा. किंमतच नसेल तर ते नुसतं शोभेचं चित्र. मग साल शोधा. शेवटी कडा वाचा. पोस्टातल्या नेहमीच्या मोठ्या पानावर तेच तिकीट ओळीनं छापलेलं असतं. त्याला शीट समजू नका. हे सगळं वहीत टिपून ठेवा.

आता आपल्या कोकणातली खरी अडचण, पावसाळा! दमट हवेत मागचा डिंक ओलसर होतो आणि शीट वहीला चिकटते. म्हणून ती बटर पेपरच्या पाकिटात, कोरड्या जागी ठेवा. वर पुस्तकांचा ढीग नको. हात पुसून, कडेलाच धरा. आणि डिंक लावून चिकटवायची तर मुळीच नाही!

पालकांनो, महागड्या शीटच्या मागे लागू नका. नव्या शीटसाठी आधी पोस्टात चौकशी करा. मुंबईच्या जीपीओत तर तिकीट जमवणाऱ्यांसाठी फिलाटेलिक ब्युरोच आहे. एकच शीट घ्या, पण तिची गोष्ट मुलांबरोबर बसून शोधा.

काय दोस्तांनो, कात्री ठेवली ना लांब?