साखळदंड कोणी तोडावयाचे?

तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे लागलेल्या आगीत २८ मनोरुग्णांचा बळी गेला. दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी आश्रमाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या छपराखाली त्यांना साखळ्यांनी जखडून ठेवले होते. आग दिसत असूनही त्यांना पळता आले नाही. या माणसांना तेथे कोणा वैऱ्याने सोडले नव्हते. बहुतेकांना आणले होते ते त्यांच्याच आप्तांनी. या घटनेचा खरा धडा येथेच आहे.

स्किझोफ्रेनिया, म्हणजेच छिन्नमनस्कता, हा आजार आहे. नसलेले आवाज ऐकू येणे, आपल्याविरुद्ध कट शिजत असल्याची खात्री वाटणे, माणसांतून मन उठणे ही त्याची लक्षणे. जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला तो असतो, आणि बहुधा ऐन तारुण्यात जडतो. तो करणीने होत नाही, आईच्या संगोपनातील उणिवेमुळे होत नाही आणि लग्न लावून दिल्याने बराही होत नाही. १९५० च्या दशकापासून त्यावर औषधे आहेत. नियमित उपचार, घरच्यांची साथ आणि हाताला काम मिळाल्यास अनेक रुग्ण स्वतःच्या पायावर उभे राहतात.

मग साखळी कशासाठी? अज्ञानामुळे, हे उत्तर सोयीचे असले तरी अर्धेच खरे आहे. रोजंदारी बुडवून, जिल्ह्याचे गाव गाठून दरमहा गोळ्या आणणे ज्या घराला परवडत नाही, त्या घराला मांत्रिक हाच सर्वांत जवळचा दवाखाना असतो. बहिणीचे लग्न मोडेल या भयाने आजार लपविला जातो. लपविल्यामुळे तो बळावतो. आणि बळावलेला आजार पाहून गाव त्याला वेड म्हणते. दारिद्र्य आणि कलंक असे एकमेकांना पोसतात.

कायद्यांची वाण नाही. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला बांधून मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला, त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचले आणि त्यांच्या हत्येनंतरच तो अस्तित्वात आला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळबंदीस मनाई केली आणि सरकारी यंत्रणेकडून उपचार मिळणे हा हक्क मानला. परंतु मनोरुग्णांची मतपेढी नसते. मागणारा आवाज नसेल, तर हक्क कागदावरच राहतो.

म्हणून कार्यकर्त्यांचे काम दुहेरी आहे. ज्याला गाव वेडा म्हणते त्याला आजारी म्हणावयास गावाला शिकविणे, आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात त्याची गोळी आहे की नाही याचा जाब विचारणे. नुसत्या प्रबोधनाने कलंक हटणार नाही. लेकराची साखळी काढ, असे आईला सांगणाऱ्याने ती गोळी तिच्या हाती पडेपर्यंत तिच्यासोबत उभे राहिले पाहिजे.