वऱ्हाड विकलं कुणी?

गेल्या हिवाळ्यात सेमाडोहला सिपनेच्या काठी एक शाळेची सहल उतरली होती. पोरं गाविलगड पाहून आलेली, दमलेली. सोबतचे एक इतिहासप्रेमी गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, "चांदबिबीनं वऱ्हाड इकलं!" टाळ्या पडल्या. पुढे बसलेल्या एका मुलीने ते वाक्य वहीत उतरवून घेतले.

गृहस्थांचे म्हणणे तीन कलमांत मावते. 1596 मध्ये तिने वऱ्हाड अकबराच्या घशात घातले. तिचे शौर्य म्हणजे मागाहून रचलेल्या गोष्टी. आणि ती विजापूरची सून, तिला इकडची काय पर्वा!

शेवटच्या दोन कलमांना एकेक ओळ पुरते. नगरच्या वेढ्यात तिने तोफेत सोन्याचांदीचे गोळे भरल्याची कथा खुशाल सोडून द्या, त्याने तो वेढा खोटा ठरत नाही. आणि विजापूरची ती सून खरी, पण लेक नगरच्या हुसेन निजामशहाची. नगर तिचे माहेर होते.

आता 'इकलं'. आधी हे सांगा, वऱ्हाड नगरकरांच्या मालकीचे झाले कधी? इथे अचलपूरच्या इमादशहांचे राज्य होते. ते 1574 मध्ये मुर्तझा निजामशहाने बुडवले. म्हणजे नगरचा ताबा जेमतेम बावीस वर्षांचा, तोही तलवारीने मिळवलेला. वऱ्हाडचे स्वतःचे राज्य ज्याने संपवले, त्याच्याबद्दल गृहस्थांच्या तोंडून अवाक्षर निघाले नाही. मुघलांना नगरला बोलावले कुणी? मियां मंजू या वजिराने. आपल्या पसंतीचे पोर गादीवर टिकावे म्हणून त्याने अकबराचा मुलगा शहाजादा मुराद याच्याकडे मदत मागितली, मग पस्तावला आणि नगर सोडून निघून गेला. त्याने पेटवलेली आग विझवायला मागे राहिली चांदबिबी. दोषी मात्र तीच!

डिसेंबर 1595 मध्ये वेढा पडला. मुघलांनी तटाखाली सुरुंग खणले. आतल्यांनी काही शोधून निकामी केले, एक उडाला आणि तटाला भगदाड पडले. तेव्हा चिलखत चढवून, तोंडावर बुरखा घेऊन, नंगी तलवार हातात धरून ती त्या भगदाडात उभी राहिली. अंधार पडेपर्यंत हल्ले झाले, एकही आत शिरू शकला नाही. रात्रीतून तिने भिंत पुन्हा चढवून घेतली. मग तह झाला. वऱ्हाड मुघलांना, नगरची गादी बालराजा बहादूरशहाला. आपल्याकडे खरेदीखत झाले की शेताचा ताबा मिळतो. इथे गाविलगड आणि नरनाळा घ्यायला मुघलांना 1598 पर्यंत झगडावे लागले. हा कसला सौदा?

या बाईच्या बाबतीत आपण नेहमीच गफलत करतो. नगरजवळच्या डोंगरावर सलाबतखानाची कबर आहे आणि लोक तिला 'चांदबिबीचा महाल' म्हणतात. यावरून मी किती जणांशी भांडलो त्याला गणती नाही. "नावात काय आहे," असे मला ऐकवले जाते. बरेच आहे. जी इमारत तिची नाही ती तिच्या नावावर चढवायची आणि जो तट तिने राखला त्याचे श्रेय काढून घ्यायचे, हा अन्याय आहे.

माझी बाजू थोडक्यात मांडतो. दोन राज्यांत, दोनदा, तिने लहान पोराची गादी सांभाळली. 1580 मध्ये विजापुरात नऊ वर्षांच्या इब्राहिमची, जिच्यापायी तिथल्या किश्वरखान या सरदाराने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले. नंतर नगरात बहादूरशहाची. राखता येणार नव्हते ते तिने सोडले आणि राखता येण्यासारखे होते ते तलवारीने राखले. याला मी राज्यकारभार म्हणतो.

1600 मध्ये मुघल पुन्हा आले. "बाई मुघलांना फितूर झाली," अशी हाकाटी किल्ल्यातल्याच हमीदखान या सरदाराने केली आणि जमाव महालात घुसला. तिला ठार मारले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये किल्ला पडला आणि बहादूरशहा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. फितुरीची ओरड करणाऱ्यांना नगर राखता आले नाही. सेमाडोहला ऐकलेली हाळी तीच आहे, चारशे वर्षांपूर्वीची.

त्या मुलीने वहीतले ते वाक्य खोडावे, एवढ्यासाठी हे लिहिले.