बाळंतविड्याआधीची पिशवी

आपल्या जुन्या बडोदेकर मराठी घरांतून बाळंतविड्याची हौस अद्याप ओसरलेली नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. कुंची, झबली, टोपडी, दुपटी यांचा थाट दांडिया बाजारापासून मांडवीपर्यंत कोणत्याही घरच्या बारशाला पाहून घ्यावा. परंतु बाळ येण्याआधी जी एक साधी पिशवी भरून ठेवावयास हवी, तिच्याबाबत हीच घरे कमालीची उदासीन असतात. बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागून पिढ्या लोटल्या. तरी कळा सुरू झाल्या की एकजण कपाटाच्या किल्ल्या शोधतो, दुसरा रिक्षा, आणि जिच्यासाठी ही धावपळ, ती दारात भिंतीला धरून उभी असते.

कारण विचारावे तर उत्तर ठरलेले : "आधीपासून बांधाबांध करू नये, बरे नसते." या समजुतीची थट्टा करण्याची माझी इच्छा नाही. ज्या काळी कितीतरी पाळणे हलण्यापूर्वीच रिकामे होत, त्या काळच्या बायकांनी आपल्या आशेला घातलेला तो आवर होता. पण त्याच बायका तयारीविना राहत नसत, हे आपण विसरतो. नवे कापड आणावयाचे नाही. परंतु आजीचे जुने लुगडे धुऊन, फाडून त्याची मऊ दुपटी आणि लंगोट मागच्या खणात निमूटपणे तयार असत. म्हणजे त्यांना नको होते ते मिरवणे, तयारी नव्हे. पिशवीला परंपरेची आडकाठी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

ती केव्हा भरावी? डॉक्टर देतात ती तारीख शेवटच्या पाळीपासून २८० दिवसांची, म्हणजे आपलेच नऊ महिने नऊ दिवस. आम्ही तालाच्या हिशेबात वाढलेली माणसे. सोळा मात्रा मोजल्या की सम येणारच. बाळाची सम इतकी नेमकी नसते. ३७ आठवडे भरले की मूल पूर्ण दिवसांचे मानतात, आणि काही मुले त्याआधीही येतात. म्हणून ३५-३६व्या आठवड्यात पिशवी दारापाशी असावी. जुळी असल्यास त्याहूनही आधी.

पिशवीत सर्वांत वर कागद हवेत. आपल्यात पहिलटकरीण माहेरी येते आणि तिचे कागद पुष्कळदा सासरीच राहतात. माझी एक विद्यार्थिनी पुण्याहून येथे माहेरी आली, तेव्हा तिची फाईल तिकडेच राहिली, आणि तिचा रक्तगट रात्री दोन वाजता फोन करून विचारावा लागला. ही बाब किरकोळ नव्हे. आईचे रक्त आर-एच निगेटिव्ह आणि बाळाचे पॉझिटिव्ह असेल, तर जन्मानंतर ७२ तासांच्या आत तिला अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते. ते राहून गेले तर पुढच्या बाळाला धोका संभवतो. तेव्हा मुलीची ओटी भरताना तिच्यासोबत तपासण्यांची फाईल, सोनोग्राफीचे अहवाल, ममता कार्ड, आधार आणि विम्याचे कागद निघाले की नाहीत, हे थोरांनी पाहावे. रक्तगट फाईलवर मोठ्या अक्षरांत लिहावा. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ हवा. सरकारी रुग्णालयात २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, लागल्यास शस्त्रक्रिया, औषधे आणि ने-आण विनामूल्य आहे, हेही सांगून ठेवावे.

त्याखाली आईच्या वस्तू. येथेच आपले चुकते. पिशवी उघडावी तर सारे बाळाचे. तिला पुढून उघडणारे दोन-तीन सुती गाऊन लागतात, मोठे पॅड, आतले कपडे, टॉवेल, शाल, चपला, कंगवा, दात घासण्याचे सामान, फोनचा चार्जर आणि चष्मा असल्यास चष्म्याचे घर. बाळाला चार-सहा झबली, लंगोट, टोपडे आणि धुतलेली दुपटी पुरतात.

काही वस्तू मात्र आठवणीने बाहेर काढाव्यात. घुटी, मध आणि काजळ यांना या पिशवीत जागा नाही. मधातून वर्षाच्या आतील मुलाला क्वचित, परंतु घातक विषबाधा होऊ शकते; काजळात शिसे असू शकते. जन्मल्यापासून तासाभरात बाळ आईच्या अंगाशी लागावे आणि पहिला चीक त्याला मिळावा. हा चीक पिळून टाकण्याची चाल पुष्कळ घरांत होती. ती आता कायमची सोडावी. सहा महिने त्याला दुसरे काही, पाणीसुद्धा, नको.

शेवटी पुरुषमंडळींविषयी. माझे वडील दरबारी गवई. मैफलीच्या आदल्या रात्री तंबोऱ्याची गवसणी ते स्वतः बांधीत. सुट्या तारा कोठे आहेत, जवारीचा दोरा कोठे आहे, हे त्यांना अंधारातही ठाऊक असे. वाद्याची एवढी काळजी घेणाऱ्या घरांतून "बाळंतपण हे बायकांचे काम" असे ऐकले की नवल वाटते. नवऱ्याने ती पिशवी बायकोच्या शेजारी बसून भरावी, म्हणजे मध्यरात्री नर्सने काही मागितल्यास त्याला कोणाला विचारावे लागणार नाही.

आणि पिशवी उचलून बरोबर कोणी जावे, हेही तिलाच विचारावे. प्रसूतीच्या वेळी तिच्या पसंतीचे माणूस जवळ असावे, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. ते माणूस आई असेल, सासू असेल, नवरा असेल. ज्या दवाखान्यात नाव घातले आहे, तेथे तशी परवानगी आहे काय, हे मात्र आजच विचारून ठेवावे. कळा सुरू झाल्यावर ते विचारावयास कोणालाच सवड नसते.