लाल कव्हरं आणि अडकलेली पिन

परवा घरच्या लग्नात मामेभावानं आपली थार दाखवली. पुढे लोखंडी बुलबार, टपावर दिव्यांची माळ, कमरेला येतील असे टायर आणि चाकाच्या आऱ्यांतून डोकावणारं लालभडक कॅलिपर. "दादा, ब्रेक पण मोठे टाकलेत," म्हणाला. मी तिथंच उकिडवा बसलो आणि बोट लावून पाहिलं. प्लास्टिकचं कव्हर! आत मूळचंच कॅलिपर, आणि दोघांच्या फटीत परंड्याची काळी माती वाळून दगड झालेली.

लग्नात मी काही बोललो नाही. (बोललो. मामी रागावल्या.) म्हणून आता इथे लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की ब्रेक ही मिरवायची जागा नाही आणि काटकसरीचीही नाही. आपल्याकडे दोन्ही एकाच चाकावर चालतं. टायरला हजारो रुपये न बोलता मोजणारा माणूस कॅलिपरच्या सीलकिटसाठी दुकानात पन्नास रुपयांवरून हुज्जत घालतो आणि "वरचा माल" घेऊन खूश होतो.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, फजितीनंतर सांगतोय. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूम भागात पूर आला तेव्हा माझी जुनी थार धान्याची पोती घेऊन तीन दिवस त्या पाण्यातून फिरली. हबच्या वर पाणी, आणि पाणी कसलं, नुसता गाळ. घरी आल्यावर गाडी धुतली, दसऱ्याला हार घातला, झालं. चाकं काढून बघायचं सुचलंच नाही.

पौषात, शाकंभरी नवरात्राच्या दिवसांत, आईला दर्शन करवून तुळजापूरचा घाट सोलापूरकडे उतरत होतो. वळणाआधी ब्रेक दाबला आणि गाडी सरळ डावीकडे ओढली गेली. कडेला पायी चाललेले भाविक होते. त्यात एक बाई, कडेवर मूल. दुसऱ्या गिअरवर आणून, हँडब्रेक ओढत कशीबशी थांबवली. मधलं अंतर सांगत नाही, आईनं हे वाचू नये. तिच्या मांडीवरची परडी पुढे जाऊन आदळली होती. ती काही बोलली नाही. नंतरही बोलली नाही.

गाडी डावीकडे ओढते म्हणजे दोष बहुतेक उजवीकडे असतो, हे सगळ्यांना ठाऊक नसतं. डावं चाक धरतं, उजवं धरत नाही. आपल्या बहुतेक गाड्यांत कॅलिपर सरकतं असतं. पिस्टन आतल्या बाजूलाच. तो आतलं पॅड डिस्कवर दाबतो, मग सगळं कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचं पॅड आणतं. माझ्या उजव्या पिनांची रबरी टोपणं फाटलेली, आत गाळ, गाळावर गंज. पिना जाम, आणि पिस्टनही खड्डे पडून अडकलेला.

मिस्त्री म्हणाला, "त्यापेक्षा मोठ्या गाडीचं कॅलिपर बसवून देतो, ब्रेक डबल." आमचा वाद झाला तो इथे. मोठा पिस्टन म्हणजे जास्त तेल लागणार. मास्टर सिलिंडर तोच, मग पेडल आणखी खोल जाणार. बरं, मागे ड्रम जुनेच. पुढची चाकं आधी लॉक होणार, आणि एबीएस नसलेल्या गाडीचं लॉक झालेलं चाक ओल्या काळ्या मातीत वळत नाही, नुसतं घसरत जातं. मुळात ब्रेक कमी वाटतो तो कशानं? २३५/७५ आर १५ चा टायर साधारण ७३३ मिमी व्यासाचा. त्याजागी ३१ इंची टाकला की ७८७. म्हणजे त्याच ब्रेकची जमिनीवरची पकड सुमारे सात टक्के गेली. आधी टायर टाकून ब्रेक घालवायचा, मग कॅलिपर टाकून परत आणायचा... धन्य!

पिस्टन गुळगुळीत असेल तर सीलकिट आणि नव्या पिना पुरतात. गंजाचे खड्डे असतील तर पॉलिशचा नाद सोडून त्याच गाडीचं, त्याच मापाचं कॅलिपर घ्यावं. मी उजवीकडे नवं घेतलं, डावीकडे सीलकिट, पॅड मात्र दोन्हीकडे एकदमच बदलले. बसवताना समोर उभा राहिलो आणि बरं झालं, कारण डाव्याउजव्याची अदलाबदल झाली की हवा काढायचा निपल खाली येतो. मग कितीही पंप मारा, हवा वरच अडकून राहते. होजच्या तांब्याच्या वॉशरी नव्या हव्यात. पिनांना नेहमीचं काळं ग्रीस लावायचं नाही, सील डिझेलनं धुवायचे नाहीत, रबर फुगतं. आणि तेल! ते हवेतली ओल पितं. नवं डॉट ४ निदान २३० अंशापर्यंत उकळता कामा नये, ओल धरल्यावर हीच मर्यादा १५५ वर येते. घाटात डिस्क तापून ते उकळलं की पेडल तळाला जातं आणि हाती काही उरत नाही. पुरातून आलेल्या गाडीचं तेल बदलायला मला चार महिने लागले, माझी अक्कल एवढी.

"आजोबांची जीप तर चारी ड्रमवर धावली," हे आमच्या घरातलं लाडकं वाक्य. खरं आहे. पण आजोबा चाळीसच्या वर जात नसत, आणि ओढा ओलांडला की पलीकडे गाडी हळू चालवत पेडलवर पाय ठेवून ड्रम वाळवून घेत. त्यांची जीप सगळ्यांना आठवते, ही सवय कुणाला आठवत नाही.

बुलबारचं तर विचारूच नका. केंद्राच्या परिवहन मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून त्यावर कारवाई करायला सांगितलं होतं, कारण धडकेत पायी चालणाऱ्यालाच त्याचा सगळ्यात जास्त धोका. त्या दिवशी घाटात माझ्या गाडीला बुलबार नव्हता, हे बरं की गाडी थांबली हे बरं, ते अजून ठरवता आलेलं नाही.

असो. येत्या रविवारी मामेभावाकडे जाणार आहे. जॅक, पाना आणि सीलकिट घेऊन ठेवलंय, तेलाचा डबाही. लाल कव्हरं काढून मामींच्या तुळशीपाशी कुंड्या म्हणून ठेवता येतील का, ते मामींनाच विचारीन. :)