वाघबारस : देवाशी केलेला करार



आपली मुले हल्ली अद्‌भुत राज्यांच्या गोष्टी आवडीने वाचतात, पाहतात. अशा गोष्टींचा लेखक आपल्या राज्याला राजे-राक्षस देतो, तसे देवही घडवून देतो. रानाचा देव वेगळा, धान्याचा वेगळा. कोणाला काय वाहायचे आणि काय चुकले तर कोप होतो, तेही तोच ठरवतो.

एकट्या लेखकाने न घडवलेले, रानाकाठी राबणाऱ्या पिढ्यांनी मिळून घडवलेले असे देव मुंबईच्या उपनगरात आजही नांदत आहेत. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. त्याला लागून गोरेगावची आरे दूध वसाहत. तिथल्या पाड्यांवर वारली कुटुंबे राहतात. भात, भाजीपाला पिकवतात. त्यांची धरतरी म्हणजे भूमाता, कणसरी म्हणजे धान्याची देवी, आणि रानाच्या वाटेवरचा राखणदार वाघोबा. लाकडी फळीवर किंवा दगडावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगाला शेंदूर, असे त्याचे रूप. बिबळ्यालाही तिथे वाघच म्हणतात.

अश्विन वद्य द्वादशीला आपण वसुबारस करतो, गाय-वासराला ओवाळतो. वारली त्याच सुमारास वाघबारस करतात. गाय आणि तिला खाणारा, दोघांचीही आठवण एकाच सणात! यामागे एक करार आहे. आम्ही वर्षाकाठी तुझा मान देऊ. तू आमची माणसे आणि गुरे सांभाळ. मुंबई उपनगर, ठाणे व पालघर भागातील वाघोबाची दीडशे ठाणी अभ्यासकांनी नोंदवली. तो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला.

पण पूजा केली म्हणजे काम संपले, असे समजू नये. २०२२ च्या ऐन दिवाळीत आरेमध्येच बिबळ्याने सोळा महिन्यांच्या मुलीचा बळी घेतला. करारात आपली बाजू असते, ती रोज पाळावी लागते.

बिबळ्या दिसला की पिंजरा लावून दूर सोडा, ही मागणी गावोगाव होते. जुन्नर भागात २००१ पासून तसे मोठ्या प्रमाणावर केले गेले. माणसांवरचे हल्ले त्याआधी वर्षाला सरासरी चार होते, ते सतरावर गेले. एक जागा रिकामी झाली की दुसरा बिबळ्या येतो, आणि परक्या मुलखात सोडलेला जनावर बिथरतो. म्हणून उपाय आपल्या वाड्यापासूनच सुरू करावा :

१. शेळ्या-मेंढ्या रात्री वरूनही बंद असलेल्या गोठ्यात कोंडाव्यात. नुसते कुंपण बिबळ्या सहज ओलांडतो.

२. उकिरडा, मेलेली कोंबडी, उष्टे घराजवळ टाकू नये. त्यावर कुत्री-डुकरे जमतात आणि त्यांच्या मागे बिबळ्या येतो.

३. तिन्हीसांजेला लहान मुलांना एकटे अंगणात सोडू नये. रात्री पाणी द्यायला जाताना सोबत आणि बॅटरी घ्यावी. मोठ्याने बोलत जावे.

४. ऊसतोडीत बछडे सापडले तर हात लावू नये. तोड थांबवून वनखात्याला कळवावे. ते मादी-पिल्लांची भेट घडवून देतात. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे.

५. जनावर मारले गेले तर लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा. त्याशिवाय भरपाई मिळत नाही.

गोष्टीतल्या राज्यातले देव पुस्तक मिटले की संपतात. वाघोबा मात्र खऱ्या जनावराबरोबर शेजार करायला शिकवतो. त्याला शेंदूर लावावाच. पण त्याच दिवशी गोठ्याचे दार आणि छप्परही तपासावे.