खर्रा : आवड नव्हे, कर्ज

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत पाळी बदलण्याच्या सुमारास पानठेल्यांपुढे गर्दी होते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदावर घोटून तयार होणारा खर्रा हा विदर्भातील असंख्य कामगारांच्या दिनक्रमाचा भाग झाला आहे. त्याने थकवा जातो, रात्रपाळीत झोप येत नाही, कामात लक्ष लागते, असे त्याचे समर्थन केले जाते. ज्याचे पैसे तो खाईल, इतरांना काय त्याचे, असाही एक युक्तिवाद आहे. या दोहोंची छाननी होणे अगत्याचे आहे.

चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी बनते व तंबाखूतील निकोटीन गालाच्या आतील अस्तरातून रक्तात त्वरेने शिरते. मेंदूत ते ॲसिटिलकोलीन या नैसर्गिक द्रव्याच्या ग्राहींना चिकटते आणि परिणामी डोपामिन स्रवते. १९५४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात ओल्ड्स व मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूतील विशिष्ट भागांना विद्युत्-उत्तेजन दिले, तेव्हा त्या उत्तेजनासाठी उंदीर पुनःपुन्हा कळ दाबू लागले. निकोटीन याच यंत्रणेला हाताळते. नित्य सेवनाने निकोटीनच्या ग्राहींची संख्या वाढते. मग ते न मिळाल्यास चिडचीड होते, चित्त विचलित होते. पुढचा खर्रा जो थकवा घालवतो, त्यातील बराचसा आधीच्या खर्र्यानेच आणलेला असतो. जुने देणे भागविण्यासाठी त्याच सावकाराकडून नवे कर्ज काढावे, तसाच हा व्यवहार होय.

अशा व्यवहाराला ग्राहकाची मुक्त निवड म्हणणे कठीण आहे. दिवसाला वीस रुपये धरले तरी वर्षाला ७,३०० रुपये होतात, आणि ते दुधाच्या किंवा वह्यापुस्तकांच्या खर्चातून वजा होतात. तोंडाच्या कर्करोगाचा उपचारखर्च वेगळाच. सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये दिला आहे. २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू सेवन करीत होते. तेव्हा हा प्रश्न केवळ व्यक्तीचा राहत नाही.

राज्य शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तथापि खर्रा ठेल्यावरच घोटला जातो. त्याच्या कारखान्याला टाळे ठोकता येत नाही. शिवाय ठेलेवाल्याचाही संसार त्यावर चालतो. केवळ धाडी घालून हा प्रश्न सुटेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

खरी गुंतवणूक दोन ठिकाणी हवी. संयम राखणारा मेंदूचा पुढील भाग पंचविशीपर्यंत परिपक्व होत असतो. म्हणून अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास मनाई करणाऱ्या २००३ च्या कायद्याची अंमलबजावणी शाळा-महाविद्यालयांच्या परिसरात कसोशीने व्हावी. दुसरे म्हणजे, व्यसनमुक्तीचा सल्ला व औषध कामगाराला त्याच्या वसाहतीतच मिळावे. निकोटीन सोडल्यावर होणारा त्रास पहिल्या काही दिवसांत तीव्र असतो व काही आठवड्यांत ओसरतो. तेवढ्या काळात आधार मिळाला, तर अनेकजण या कर्जातून मुक्त होतील. मात्र लांबलेली पाळी आणि अपुरी विश्रांती कायम ठेवून कामगाराला संयमाचे पाठ देण्याचा नैतिक अधिकार कोणत्याही कारखानदारास पोहोचत नाही.